धप्पा

टोच्या टकळीच्या दंडात बोटभर शिरला, तेव्हा "धप्पा" हा शब्द अजून तिच्या तोंडातच होता.

खेळ लपंडावाचा, राज्य नवीवर. पण शोधायला न जाता नवी बाइंडिंगच्या टेबलाशी बसली होती आणि पुस्तक शिवण्याआधी टोच्याने पानांना भोकं पाडत होती. टकळीने मागून येऊन तिच्या पाठीवर थाप मारली. नवीने वळून पाहिलं नाही. नुसता हात वळला.

शेजारच्या या पोरीचं तोंड दिवसभर चालू, म्हणून ती टकळी. आत्ता मात्र ती गप्प होती. आपलाच दंड कुणा दुसऱ्याचा असावा तशी त्याच्याकडे बघत होती. नवीने टोच्या उपसला. क्षणभर काहीच आलं नाही, मग एकदम आलं. खळीच्या भांड्यात, पानांवर, नवीच्या मनगटावर.

"मी नाही," नवी म्हणाली. मग म्हणाली, "मीच."

मावशी पुठ्ठा कापायचा सोडून धावली. सख्खी मावशी नव्हे. आठ महिन्यांपूर्वी संस्थेने नवीला हिच्याकडे ठेवलं, तेव्हा काय हाक मारायची ते दोघींनी मिळून ठरवलं होतं. गल्लीने काही ठरवलं नाही. गल्ली तिला अजून नवीच म्हणत होती. मावशीने हाताला येईल ते फडकं टकळीच्या दंडावर आवळलं आणि खिडकीतून तिच्या आईला हाक मारली.

आई आली ती सरळ नवीवर. केस मुठीत धरून तिने पोरीला स्टुलावरून खाली खेचलं. स्टूल उलटलं. नवीचं कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं.

"भोसकतेस? माझ्या पोरीला भोसकतेस?"

नवी ओरडली नाही. सोडवून घ्यायला हात वर केला, तो केसांकडे गेलाच नाही, कानाकडे गेला. तिने उजव्या कानातला डूल काढला आणि टेबलावर ठेवला. डाव्या कानात डूल नव्हता. ती पाळी मधोमध खालपर्यंत चिरलेली होती. मग दोन्ही हात पाठीमागे धरून ती गुडघ्यांवर नीट बसली, आंघोळीला बसावं तशी.

"मारा, काकू," ती म्हणाली. "काढलाय मी. आता अडकणार नाही."

आईचा उगारलेला हात वरच राहिला. मग हळूहळू केसही सुटले. पण आवाज नाही सुटला.

"ताई, फोन लावा त्या संस्थेच्या बाईंना. दोन घरांनी परत पाठवली ती काय उगाच? आज लावा. नाहीतर मी लावते."

"आधी दवाखाना. टाके पडतील."

"आधी फोन."

मावशीने नवीकडे पाहिलं, मग रक्ताने भिजलेल्या फडक्याकडे. तिने फोन हातात घेतला.

नवी उठून आत गेली आणि लगेच बाहेर आली. हातात पिशवी. भरायला वेळ लागलाच नव्हता. आठ महिने ती पिशवी दाराआड भरलेलीच होती, आणि हे मावशीला आत्ता कळत होतं.

तेवढ्यात टेबलाखालून, पुठ्ठ्यांच्या चळतीमागून आवाज आला.

"मला कुणी शोधणारे की नाही?"

मावशीची पाच वर्षांची पिटुकली. एवढं सगळं होईपर्यंत ती प्रामाणिकपणे लपून राहिली होती.

टकळीला हसू आलं. ओठ पांढरे पडले होते, तरी आलं. "बघ, ही माझ्यापेक्षा शहाणी. तोंड बंद ठेवता येतं तिला." मग नवीला म्हणाली, "राज्य कुणावर?"

"माझ्यावर."

"रोजच तुझ्यावर. कधी लपलीयेस तू?"

नवीने पिशवी छातीशी धरली. "लपलं की ओढून काढतात."

"आमच्यात नाही ओढत गं," टकळी म्हणाली. "आमच्यात नुसतं नाव घेतात."

मावशीने संस्थेचा नंबर लावला होता. हातातला फोन वाजत होता, तिकडे अजून कुणी उचलला नव्हता.

"आता राज्य माझ्यावर," टकळी म्हणाली. तिने भिंतीकडे तोंड केलं, चांगल्या हातावर कपाळ टेकलं आणि डोळे मिटले. तिची सगळी पाठ नवीकडे होती. टोच्या टेबलावर होता, नवीच्या हातापासून वीतभर.

"अगं, वेडी का तू? फिर इकडे," आई म्हणाली.

"दहा म्हणते, मग जाऊ टाक्यांना. एक. दोन."

"हॅलो?" फोनमधून बाईंचा आवाज आला. "बोला ताई, काय झालं?"

"तीन. चार."

नवीने पिशवी खाली ठेवली. टेबलाशी गेली. आईने श्वास रोखला. नवीने टोच्या उचलला, दोऱ्याला लावायच्या मेणाच्या गोळ्यात मुठीपर्यंत खुपसला, आणि रिकामा हात फ्रॉकला पुसला. दोनदा पुसला.

"सात. आठ."

"हॅलो? ऐकताय ना?"

नवी टकळीच्या मागे जाऊन उभी राहिली. हात वर गेला, पुन्हा खाली आला. मग पुन्हा वर गेला आणि टकळीच्या पाठीवर नुसता टेकला. तिथेच राहिला.

आईने मावशीच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"एवढा हळू धप्पा नसतो गं," टकळी भिंतीलाच म्हणाली. "परत दे."