बुधवारचा सर्वे

"आज कोणी घर सोडाचं नाही," असं बजावत मनकर्णाबाई पहाटे साडेपाचलाच दारोदार फिरत होती. सोमवारपासून ती हेच सांगत होती.

बंद पडलेल्या गिरणीच्या जागेवर आता टॉवर उठणार होते. विणकरांची वस्ती त्या जागेच्या मागच्या अंगाला. गिरणीच्या मैदानातून एक पायवाट जायची, पाच मिनिटांत माणूस मोठ्या रस्त्याला लागायचा. बिल्डरला तिथे भिंत घालायची होती. मग उरला असता बायपासचा तीन किलोमीटरचा वळसा, आणि त्यावर दिवसभर ट्रक. मनकर्णाबाईच्या मुलाने, चेतनने, सरळच सांगून टाकलं होतं, की भिंत झाली तर रोशनीची शाळा बंद. नववीतली पोर तो ट्रकांच्या तोंडी द्यायला तयार नव्हता. नात वर्गात पहिली यायची.

मागच्या आठवड्यात महापालिकेच्या ऑफिसातला एक माणूस सांगून गेला, बुधवारी वाटेचा सर्वे आहे, त्यावरच काय ते ठरेल.

सर्वे म्हणजे काय, हे मनकर्णाबाईला कोणी शिकवायला नको होतं. घरांच्या मालकीच्या पट्ट्यांचा सर्वे झाला त्या दिवशी ती कामावर गेली होती. यादीत तिच्या नावापुढे 'घर बंद' असं लिहिलं गेलं, आणि पट्टा गेला तो गेलाच. चार वर्षं चकरा मारून चपला झिजल्या, पण ते दोन शब्द काही खोडले गेले नाहीत.

जागेश्वर सायकल बाहेर काढत होता. तो कळमन्याच्या बाजारात हमाली करायचा.

"कुठं चालला गा?"

"बाजारात, काकू. संत्र्याच्या गाड्या येऊन राहिल्या."

"आन् सर्वेवाले आले तं? मालक रोज सायकलनं जाते, हे काय तुह्या दारातलं कुत्रं सांगणार हाय?"

जागेश्वरने सायकल परत भिंतीला टेकवली.

रोशनीचं विज्ञानाचं प्रॅक्टिकल होतं. "आजी, मले जाऊ दे ना वं," ती रडकुंडीला आली.

"एक दिवस बस. एका दिवसापायी सारी शाळा घालवतं का?"

पायवाटेच्या तोंडाशी टोपी घातलेली एक पोरगी छत्री लावून खुर्चीवर बसली होती. ही बिल्डरचीच, वस्तीवर नजर ठेवायला बसवलेली, हे मनकर्णाबाईने लांबूनच ताडलं. "तिच्याकडं कोणी फिरकू नका," तिने सगळ्यांना ताकीद दिली.

वस्ती दाराशी बसून राहिली. कोणाच्या हातात आधार कार्ड, कोणाच्या हातात विजेचं बिल. रोज चारशे लोक या वाटेने जातात, हे मनकर्णाबाईने सगळ्यांकडून घोकून घेतलं होतं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. ऊन चढलं, कललं. शेजारची पुष्पलता दोनदा विचारून गेली, "काकू, येतीन ना ते लोकं?"

"सरकारी लोकं हायेत. येतीन आरामानं."

दोनशे घरं, आणि एकालाही कुलूप नाही. इतकं तिचं कोणी जन्मात ऐकलं नव्हतं.

सहा वाजून गेले. ती पोरगी छत्री मिटू लागली, तशी मनकर्णाबाई उठली. भांडायचं तर भांडू, म्हणून पदर खोचून ती थेट तिच्यापाशी गेली. जवळून पोरगी उन्हाने पार कोमेजलेली दिसली.

"काहून वं बाई, सर्वेवाले अजून काहून नाही आले?"

"मीच आहे ना, काकू. मी श्वेता. सकाळी सहापासून इथंच बसले आहे." तिने मांडीवरचा तक्ता पुढे केला. बारा तासांचे बारा रकाने होते, वर 'पायी' आणि 'सायकल' असं छापलेलं होतं. "या वाटेनं किती लोक जातात, तेवढंच मोजायचं होतं. एकाच दिवसाची मोजणी असते. मला तर सांगितलं होतं, इथं फार वर्दळ आहे."

मनकर्णाबाईने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं; सगळे रकाने कोरे होते.

श्वेताने इकडेतिकडे पाहिलं, पेनाचं टोपण पुन्हा काढलं आणि 'पायी'खालच्या शेवटच्या रकान्यात एक रेघ ओढली. "वेळ संपली आहे, पण तुम्हाला धरते, काकू," ती म्हणाली. "एक तरी होईल."