नळापाशची बाटली

“शून्य?” थोरलीने कागद टेबलावर आपटला. “डोळे उघडे ठेवून मोजलंस की मिटून?”

समुद्राचं पाणी तपासणाऱ्या त्या प्रयोगशाळेत बायका दोघीच, म्हणून सगळे त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरलीचं डोकं आज सकाळपासूनच ठिकाणावर नव्हतं. उद्या सुनावणी होती. किनाऱ्यावरचं वीजकेंद्र समुद्राचं पाणी आत ओढायचं, त्यावर यंत्रं थंड करायचं आणि तेच पाणी तापलेलं असं एका जाड नळाने परत समुद्रात सोडायचं. त्या पाण्याने मासे गेले, अशी मच्छीमारांची तक्रार होती. तक्रारीवर पहिली सही तिच्या सख्ख्या भावाची.

आणि केंद्राच्या बाजूने उभा होता तिचा अहवाल. प्राणिप्लवक, म्हणजे माशांची पिल्लं ज्यावर जगतात ते पाण्याबरोबर वाहणारे बारीक जीव, नळापाशी उघड्या समुद्रापेक्षाही जास्त आहेत, असं ती दरवर्षी लिहीत आली होती. भावाने भर रस्त्यात तिला ‘विकली गेलेली’ म्हटलं. तिनेही काही कमी केलं नाही. “समुद्रात खाणं रगड आहे, दादा. तुलाच जाळं टाकता येत नाही,” असं त्याच्या पोरांसमोर सुनावलं. तेव्हापासून येणं-जाणं बंद. वहिनीचा फोनसुद्धा नाही. हे सगळं तिने खऱ्यापायी सोसलं होतं, आणि आता ही काल आलेली पोरगी त्या खऱ्याला शून्य म्हणत होती.

“माझ्या भावाने पढवलंय का तुला?”

“तुमच्या भावाला मी ओळखतही नाही, ताई.” धाकटीचाही आवाज चढला. “आधी बाटली बघा, मग बोला.”

थोरलीने नळापाशची बाटली उचलली. तळाशी बोटभर थर साचला होता. तिने एक थेंब काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. जीवच जीव! मिशा शाबूत, पाय शाबूत. तिची तळपायाची आग मस्तकात गेली.

“हे काय आहे मग? साबुदाणा?”

शेजारी उघड्या समुद्रातल्या पाण्याची बाटली होती. तिच्यातला थर लालभडक दिसत होता. थोरली आणखीच भडकली. “आणि हा रंग घालायला कुणी सांगितलं? जाळी वर आली की लगेच फॉर्मॅलिन ओतायचं. नमुना टिकतो. इथे पहिल्यापासून हीच पद्धत आहे.”

“फॉर्मॅलिनने सगळेच मरतात, आणि मग सगळे सारखेच दिसतात. म्हणून मी त्याच्या आधी, बोटीवरच, दोन्ही बाटल्यांत रंग घातला. जिवंत असेल तोच हा रंग घेतो.”

थोरलीने पुन्हा डोळा लावला. नळापाशच्या त्या थेंबात लाल एकही नव्हता. तिने दुसरा थेंब घेतला, मग आणखी एक. बाहेर केंद्राचा माणूस अहवालासाठी ताटकळत उभा होता.

“पण बाटली भरलेली आहे,” ती म्हणाली. “गच्च भरलेली आहे.”

“आहेच ना. मेलेले धरले, तर तुमचाच आकडा बरोबर आहे, ताई.”