पाठीमागचं चित्र

"हा माझा आवडता ॲडमिरल," सिरिल ऑग्डन म्हणाला.

डोरीननं वर पाहिलं. लाल गाल, छातीभर पदकं, मागं तोफांचा धूर. "काय आवडतं याच्यात तुला?"

"त्याच्या खाली हीटर आहे."

गावच्या कलादालनात एकतीस वर्षं पहारा करून सिरिल गेल्या शुक्रवारी निवृत्त झाला होता. एकतीस वर्षं डोरीन 'पुढच्या रविवारी येते' म्हणत राहिली होती. आज आली. का आली, तेही तिनं बसमध्येच सांगून टाकलं होतं. "रोज घरी यायचास आणि डोळे मिटून खुर्चीत पडायचास. माझ्याकडे बघायला डोळे कधी उरलेच नाहीत तुझे. ते कुठं खर्च झाले, एकदा बघू दे तरी."

पुढच्या दालनात एक संगमरवरी बाई अर्धवट वस्त्रात आंघोळीला निघाली होती. तीही सिरिलची आवडती. तिच्या चौथऱ्यामागं थर्मास ठेवला तर साहेबांना दिसत नसे.

डोरीनचे पाय बोलायला लागले होते. सिरिलचा गुडघा तर जिना चढल्यापासून बोलत होता.

"हे राहू दे," ती म्हणाली. "ते चित्र दाखव. रडण्याचं."

त्या चित्राबद्दल घरी रोज बातमी असायची. आज दोघी बहिणी रडल्या. आज एक धिप्पाड खाटीक टोपी हातात धरून वीस मिनिटं उभा होता. चित्रात जहाज बुडतं, एवढं डोरीनला माहीत होतं.

चार नंबरच्या दालनात ग्लेनिस पहाऱ्याला होती. सिरिलला बघून ती खुर्चीतून उठली. "आलास? चार दिवससुद्धा करमलं नाही?"

"बायकोला आणलंय." सिरिलनं खुर्चीच्या मागं बोट दाखवलं.

डोरीन खुर्चीच्या वरच्या चित्राकडे बघत होती. टेबलाशी एक बाई बसलेली. समोर बटाटे, निम्मे सोललेले. हातातली सुरी थांबलेली.

"यात जहाज कुठंय?"

"असेल की. मागं कुठंतरी."

"सिरिल, हे स्वयंपाकघर आहे."

सिरिलनं चष्मा लावला आणि वळून नीट पाहिलं. "खरंच की."

"बुडतं म्हणाला होतास!"

"लोक रडायचे गं. मला वाटलं, काहीतरी बुडत असणार."

"एकतीस वर्षं इथंच बसायचास ना तू?"

"इथंच. पण खुर्चीची पाठ चित्राकडे आहे."

"आम्ही चित्रं बघायची नसतात हो," ग्लेनिस समजुतीनं म्हणाली. "माणसं बघायची. हात लावतात मेले. संध्याकाळी नुसत्या चौकटी मोजायच्या. अकरा भरल्या की दाराला कुलूप."

डोरीननं एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा चित्रातल्या बाईकडे.

"म्हणजे हिच्याकडेही बघितलं नाहीस," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. रागावायला पाय शाबूत लागतात.

सिरिलचा गुडघा पुन्हा बोलायला लागला. ग्लेनिसनं खुर्ची पुढं सरकवली. "बस बाबा. तुझीच आहे." तो बसला. सवयीनं, चित्राकडे पाठ करून.

डोरीन चित्रासमोर उभी राहिली. चारची बस चुकणार होती, पण ती घड्याळाकडे बघेना. हातातली पिशवी हळूहळू खाली आली आणि जमिनीला टेकली. कोटाचं वरचं बटण तिनं उगाच सोडलं, पुन्हा लावलं. मग एक पाऊल पुढं टाकलं. लोकांना अडवायला जमिनीवर आखलेल्या पांढऱ्या रेषेच्या आत.

ग्लेनिसनं घसा खाकरला. सिरिलनं हात वर करून तिला थांबवलं.

तो खुर्चीत पुढं वाकला होता. चष्मा नाकावर होता आणि तो डोरीनच्या तोंडाकडे, तिच्या ओल्या गालांकडे बघत होता. बराच वेळ.

"हेच ते चित्र," तो ग्लेनिसला हळूच म्हणाला. "आता ओळखलं."