वापरणाऱ्यांची संख्या

पदूने बूट काढले, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि चहा अर्धा ठेवूनच खोलीच्या हिशोबाला हात घातला. मुंबईत सरकारी बांधकाम खात्यात तो अंदाजपत्रकं करत असे. आजवर त्याने दोन शाळा, एक धान्यगोदाम आणि एका साहेबाच्या बंगल्याचं कुंपण एवढं कागदावर उभं केलं होतं. त्यातलं कुंपण प्रत्यक्षातही झालं होतं.

पळसदरीचं हे घर म्हणजे एक खोली, एक चूल आणि पुढे पडवी. बाप, काळूराम, नुकताच खोपोलीच्या कारखान्यातून निवृत्त झाला होता आणि फंडाचे पैसे हातात आले होते. त्यातून मागच्या अंगाला एक खोली काढायची, असं त्याने आणि पदूच्या आईने, मालनबाईने, ठरवलं. दिवाळीला पदू बायकामुलांना घेऊन आला होता आणि संध्याकाळच्या गाडीने सगळ्यांना घेऊन परत गेला होता. जाताना म्हणाला होता, "राहिलो असतो गं आये, पण झोपायचं कुठं?" पदू हे विसरला होता. मालनबाई विसरली नव्हती.

नवशा गवंड्याने परसात फक्कीने चौकोन आखून ठेवला होता. तिघं त्या चौकोनात जाऊन उभी राहिली.

"विटा भट्टीवरून मिळतील बोल्लाय नवशा," काळूराम म्हणाला. "रेती नदीची. सिमिटाचं परमिट तेवढं कर्जतला जाऊन..."

"दर नंतर, बाबा. आधी गरज." पदूने पेन्सिलीला टोक काढलं. "आमच्याकडे गरज सिद्ध झाल्याशिवाय विटेला हात लावत नाहीत. वापरणाऱ्यांची संख्या किती?"

काळूरामने बायकोकडे पाहिलं. बायकोने फक्कीच्या रेघेकडे पाहिलं.

"आमी दोगं," ती म्हणाली.

पदूने दोन लिहिले. मग तो घरात गेला, टेपने खोली मोजली, पडवी मोजली, परत आला आणि गुणाकार करू लागला.

काळूराम चुलीपाशी गेला. मालनबाई भाकरी थापत होती.

"सांग की त्याला."

"काय सांगू?"

"कशापायी खोली हाय ते."

"पोटच्या पोराला काय आवतन धाडायचं?" ती भाकरी तव्यावर टाकत म्हणाली. "आवतन पावन्याला देत्यात."

"मग मी सांगतो."

"तुमी तर नायच सांगायचं."

काळूराम बाहेर आला आणि त्याने काहीच सांगितलं नाही. लग्नापासून त्यांचा संसार याच पद्धतीने चालला होता.

जेवणं झाल्यावर पदूने नवशाने दिलेल्या यादीतली एकेक बाब वाचायला घेतली. खिडकी कशाला? वारा दारातून येतोच. भिंतीत कपाट कशाला? ठेवायला आहे काय? मग त्याचं पेन्सिलीचं टोक एका ओळीवर थांबलं.

"आये, ह्या खुंट्या भिंतीत इतक्या खाली कुणी सांगितल्या? कमरेखाली येतात. तिथं कोण काय टांगणार?"

"असूंदे की रं."

"अगं, पण कुणाचा हात तिथं जाणार?"

मालनबाई ताटं गोळा करून उठली. "नसतील लागत तर काढ."

पदूने खुंट्या काढल्या. नंतर त्याने माणशी किती चौरस फूट लागतात याचा सरकारी नियम सांगितला. त्या नियमाने पाहता आईबापांकडे होती तीच जागा गरजेपेक्षा जास्त होती. ती सरकारने परत मागितली नाही, हे नशीबच.

"म्हंजे?" काळूरामने विचारलं.

"म्हणजे खोलीची गरजच नाही, बाबा! दोन माणसांना हे घर भरपूर आहे. फंड बँकेत टाका आणि व्याज खा." त्याने खाली शून्य लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या. कुणालाही हरकत घेता येणार नाही असं अंदाजपत्रक त्याच्या हातून प्रथमच झालं होतं. "तुमचा एक पैसा मी खर्चू दिला नाही."

"खरं हाय," काळूराम म्हणाला. "शिकल्याचा उपेग झाला."

पदूला बरं वाटलं. त्याने घड्याळ पाहिलं आणि बूट पायात चढवले. गाडीला वेळ होता, पण स्टेशनपर्यंत चालायचं होतं. मालनबाईने तांदळाची पिशवी, वालाची पुरचुंडी आणि नातवंडांसाठी बोरं आणून दिली.

पदू पडवीच्या पायरीवर बुटाचे बंद बांधत बसला. ती त्याच्या मागे उभी होती. आज सकाळपासून तो घरात होता. एवढा वेळ तो दिवाळीलाही थांबला नव्हता.

"पदू," ती म्हणाली, "तसंच गोठ्याचंबी करून दे की रं."

"गोठ्याचं?" पदूने मान वर केली. "आये, तुमच्याकडं गुरं कुठायत?"

"घेऊ की."

"किती?"

"ते तू येशील तवा ठरवू." तिने त्याच्या खांद्याला लागलेला भिंतीचा चुना पदराने पुसला. "पर सांगून ठेवते, गोठ्याचा हिशोब एका दिसात नाय व्हायचा."