डाव्या कानातला मोजा

हेलिकॉप्टरखाली उलटी लटकत गेंड्याची मादी नव्या, सुरक्षित जंगलात उतरली. तिचं पिल्लू आधीच आणून पलीकडच्या झुडपांत सोडलं होतं. आवाजाने बिथरू नयेत म्हणून दोघांच्या कानांत मोजे कोंबले होते. डॉक्टरीणबाईंनी मादीचा एक मोजा काढला, जागं करणारं इंजेक्शन दिलं आणि जीप गाठली. “बाई, डाव्या कानात लाल काय दिसतंय?” ड्रायव्हरकाकांनी विचारलं. बाईंनी कपाळावर हात मारला. मादी उठली. पिल्लू ओरडलं, पण एका कानाने दिशा कळेना, ती भलतीकडेच वळली. “काका, चुकामूक झाली तर पिल्लू उपाशी मरेल! त्याचे मोजे काढलेत?” “दोन्ही माझ्या खिशात.” मादीने फुरफुरत साद घातली. पिल्लू आवाजाच्या रोखाने येऊन बिलगलं. तिने मान झटकली, मोजा गवतात पडला. “आणता का?” काकांनी विचारलं. “तुम्हीच जा,” म्हणत बाईंनी दार ओढलं.