पडल्यावर

लेकीला बिघडवणाऱ्या स्केटपार्कातल्या त्या उर्मट कार्ट्यांना आज चांगलं झापायचंच, असं ठरवून ती तरातरा आत शिरली आणि गुळगुळीत उतारावर सपशेल आपटली.

सगळे स्केटबोर्ड जागच्या जागी थांबले. कुणी फिदीफिदी हसलं नाही. इथली रीतच तशी: कुणी पडलं, की आधी त्याला उठवायचं, मग आपली पाळी. नाकात रिंग घातलेल्या एका पोरीने तिला बसवलं, खरचटलेला तळहात धुतला, कोपर बघायला बाही वर सरकवली आणि थबकली.

"हे कशाने झालं, काकू?"

"ते होय? परवा घरात पडले." तिने बाही झटकन खाली ओढली.



"आम्ही रोज पडतो, काकू. पडल्यावर दंडावर बोटं उमटत नाहीत."