आहे तसा आवाज

ऑर्केस्ट्राचा मालक तोंडातल्या तोंडात बोलायचा, म्हणून साउंड सांभाळणाऱ्या मुनीरने त्याच्या माइकवर कंप्रेसर चांगलाच कसला. मोठं बोलणं दबतं, हळू बोलणं वर येतं.

त्याच माइकसमोर मालक ढोलकीवाल्याच्या कानात कुजबुजला, "शालनताईचा आवाज गेलाय. मुनीरच म्हणतो, मशीन लावून किती झाकायचा? बसवू म्हातारीला घरी."

भरल्या मंडपाने शब्द न् शब्द ऐकला. कुणीतरी फिसकन हसलं. दुपारीच मुनीरने ताईंच्या डब्यातली भाकरी खाल्ली होती.

ताई गायला पुढे आल्या. "मुनीर, लेका, माझ्या आवाजावरचं मशीन काढ. ऐकू दे लोकांना."

त्याने काढलं. पहिलाच सूर चिरकला. त्याचा हात बटणाकडे गेला, तशी ताईंनी गाता गाताच मान हलवली, नको.

आपण बोललो ते खरं होतं, हे त्या सुरांत ऐकत मुनीर गाणं संपेपर्यंत मान खाली घालून बसला.